एकच ओढा, दरवर्षी नवी बॅच : मातीतला कार्बन आणि वाहून जाणारं खत मोजण्याबद्दल

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुलांना संशोधन प्रकल्प करावा लागतो, आणि जून उजाडला की "सर, विषय सांगा" सुरू होतं. कुणी दोन शेतांतली माती आणतं, कुणी विहिरीचं पाणी. पीएच-ईसी (आम्लता आणि क्षारांचं प्रमाण) काढली जाते, स्पायरल बाइंडिंग होतं, तोंडी परीक्षा होते. पुढच्या वर्षीची पोरं पुन्हा शून्यापासून. मुलं मेहनत करतात हे मी रोज बघतो, म्हणूनच ती मेहनत कपाटात जाऊन पडते याचा जीवाला त्रास होतो.

म्हणून विभागानं एक ओढा कायमचा धरायचा, असं माझ्या मनात आहे. बालाघाटाच्या कुशीतला, एका दिवसात पायी फिरून होईल एवढा पाणलोट. वर मुरमाड माळ आणि गायरान, मधे हलकं ते मध्यम रान, खाली काठाला भारी काळी. खरिपाला सोयाबीन-तूर, रब्बीला ज्वारी-हरभरा, विहीर असेल तिथं ऊस. ओढा एका पाझर तलावात उतरतो, तिथून मांजरेला आणि मांजरा धनेगावच्या धरणात. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते लातूर याच धरणाचं पाणी पितं. आमच्या शिवारातली माती वाहून गेली की शेतातला कस कमी होतो आणि खाली धरणातली जागाही कमी होते. दोन्ही टोकांचा हिशेब एकाच ओढ्यावर मांडता येईल.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. माळापासून काठापर्यंत मातीत सेंद्रिय कार्बन किती आहे, कुठं जास्त, कुठं कमी? पावसात त्यातला किती ओढ्यातून जातो? सोबत नत्र आणि स्फुरद किती जातं, आणि विहिरीत किती झिरपतं? एका बॅचला हे सगळं जमणार नाही, पण दहा बॅचेसना जमेल. पहिल्या बॅचनं काढलेले मातीचे नमुने वाळवून, चाळून, बरण्यांत भरून ठेवायचे आणि पुढच्यांनी त्याच जागी पुन्हा जायचं. इंग्लंडमध्ये रोथमस्टेडला १८४३ पासून चाललेल्या प्रयोगांची माती आजही जपून ठेवलेली आहे. आपल्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठातही दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. त्या मानानं आमच्याकडे ब्युरेट (थेंबाथेंबानं द्रावण मोजायची काचनळी), ओव्हन, तराजू आणि उत्साही पोरं एवढंच आहे. पण तेवढ्यात बरंच होतं.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कशी करावी?

---

करडई

सर, मी मृदाशास्त्राची विद्यार्थिनी आहे. विषय वाचून फार आनंद झाला. आधी मातीचं बोलते.

सेंद्रिय कार्बनसाठी वॉकले-ब्लॅक पद्धतच घ्या. ती १९३४ ची आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक माती परीक्षण प्रयोगशाळा तीच वापरतात, त्यामुळे तुमचे आकडे मृद आरोग्य पत्रिकेशी ताडून बघता येतील. एक ग्रॅम माती, दहा मिली पोटॅशियम डायक्रोमेट, वीस मिली तीव्र गंधकाम्ल, मग अर्धा तास फ्लास्क तसाच ठेवायचा. मिश्रण आपोआप तापतं आणि त्या उष्णतेवरच कार्बन जळतो. म्हणून थंडीत आणि मे महिन्यात खोलीचं तापमान वेगळं असेल तर निकालातही फरक पडतो. नंतर पाणी, फॉस्फोरिक आम्ल, रंग दाखवणारं डायफेनिलअमाइन आणि फेरस अमोनियम सल्फेटनं अनुमापन, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून थेंब सोडून उरलेलं डायक्रोमेट मोजणं. शेवटी गडद निळा-जांभळा रंग एका थेंबात लख्ख हिरवा होतो, तो थेंब मुलांच्या हातातून निसटतो. प्रत्येक बॅचला आधी माती न घालता चार-पाच कोरी अनुमापनं करायला लावा, मगच खरी माती हातात द्या.

या पद्धतीत सगळा कार्बन जळत नाही, साधारण ७७ टक्के जळतो असं धरून १.३ नं गुणतात. अहवालात गुणक लावला की नाही हे लिहायलाच हवं, नाहीतर पाच वर्षांनी कुणाला तुलना करता येणार नाही.

भट्टीत जाळून वजनातली घट बघायची पद्धत सोपी वाटते, पण आपल्या काळ्या मातीत ती फसवते. चिकणमातीच्या कणांत अडकलेलं पाणीही त्या तापमानाला निघून जातं आणि तेही कार्बनच्या नावावर जमा होतं. शिवाय आपल्या रानात चुनखडी आहे. तापमान फार वर गेलं तर चुनखडीतला कार्बन डायऑक्साइडही सुटतो. वॉकले-ब्लॅकमध्ये चुनखडीचा कार्बन मोजला जात नाही, हा तिचा मोठा फायदा. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसली की समजायचं चुनखडी आहे. भारी रानात खालच्या थरात तर गोट्याच सापडतात.

आणि घनता विसरू नका! नुसत्या टक्क्यांवरून साठा कळत नाही. धरा, सेंद्रिय कार्बन ०.५ टक्के, घनता घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम, खोली ३० सेंमी. हेक्टरी ३,९०० टन माती झाली, तिच्यात १९.५ टन कार्बन. मुरमाड माळावर तेवढेच ०.५ टक्के आले तरी तिथं मुळात मातीच वीतभर असते आणि निम्मे खडे. साठा कितीतरी कमी भरेल.

काळ्या मातीची घनता ओलीप्रमाणे बदलते, कारण ती फुगते आणि आकसते. त्यामुळे दरवर्षी एकाच वेळी, वाफशावर (माती ना चिखल ना कोरडी असताना) नमुने घ्या. एप्रिलमध्ये भेगा पडल्यावर घेतले तर वरची भुसभुशीत माती भेगेतून खाली पडलेली असते आणि दोन फुटांवर वरचाच कार्बन सापडतो.

---

भारी_रान

मी शेतकरी. तुमच्याच बाजूचा, पण नदीच्या पल्याडचा.

सर, एक रोखठोक सांगतो, राग मानू नका. आमच्या शिवारात माती न्यायला लई जण येऊन गेले. एका संस्थेची मुलं खड्डे घेऊन, पिशव्या भरून, फोटो काढून गेली. आकडा काय आला ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. माती माझी, आणि निकाल मलाच माहीत नाही. तुम्ही ओढा धरणार असाल तर पहिलं काम हे करा : ज्याच्या रानातली माती, त्याला निकाल लिहून द्या, आणि त्याचा अर्थ त्याच्या ओट्यावर बसून सांगा.

दुसरं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्याकडं जमिनी खरवडून गेल्या. ओढ्याकाठची माझी पट्टी होती, तिथं आता मुरूम वर आलाय. त्याच्या शेजारच्या बांधाआड मात्र हातभर गाळ साचला. एकाच गटात एकीकडं हाडं उघडी पडली आणि दुसरीकडं लोणी येऊन बसलं. ह्या दोन्ही जागांची माती तपासायची असेल तर खुशाल या. मला पण कळू द्या की त्या गाळात काय आहे आणि मुरमावर पुन्हा काय पिकंल.

---

मांजराकाठ

दादा, राग कसला. तुम्ही सांगितलेलं पहिलं काम मी प्रकल्पाच्या नियमावलीत पहिल्या क्रमांकाला लिहिलं आहे. गट क्रमांकासह निकाल शेतकऱ्याच्या हातात गेल्याशिवाय विद्यार्थ्याचा अहवाल आम्ही स्वीकारणार नाही.

तुमच्या खरवडलेल्या पट्टीला आणि बांधाआडच्या गाळाला आम्ही नक्की येऊ. पाणी माती उचलतं तेव्हा आधी हलकं आणि बारीक उचलतं, म्हणजे चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ. जाड वाळू आणि खडे मागं राहतात. म्हणून वाहून गेलेली माती ही मागं राहिलेल्या मातीपेक्षा कसदार असते. तुमच्या एका गटात हे समोरासमोर बघायला मिळेल, असं उदाहरण वर्गात दाखवता येत नाही.

करडई ताई, तुमचा प्रतिसाद छापून प्रयोगशाळेत लावतोय. वापरलेलं क्रोमियमचं आम्लपाणी बेसिनमध्ये ओतू द्यायचं नाही, हे आणि एक जोडतो. ते कॅनमध्ये साठवायचं, चुन्यानं आम्ल मारायचं, क्रोमियम खाली बसतं, मग तो साका वेगळा काढायचा. पाण्याचा अभ्यास करायचा आणि आपणच नालीत क्रोमियम सोडायचं, हे होता कामा नये.

---

पाझर

जालना जिल्ह्यात पाणलोटाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. मातीइतकंच लक्ष पाण्याकडे द्या, कारण पाण्याचा नमुना चुकीच्या वेळी घेतला तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

ओढ्याला पाणी आलं की पहिला लोंढा सगळ्यात गढूळ असतो. पाणी चढत असताना आणि उतरत असताना पातळी अगदी सारखी असली तरी गाळ सारखा नसतो, बहुतेक वेळा चढत्या पाण्यात जास्त. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर निवांत जाऊन बाटली भरली तर जे मोजायचं होतं ते केव्हाच धनेगावला पोचलेलं असतं. त्यामुळे गावातच राहणारा विद्यार्थी निवडा. ओढ्यावर पूल असेल तर पुलावरून, दोरीला बांधलेल्या बादलीनं नमुना घ्यायचा. पाण्यात कुणीही उतरायचं नाही, आणि कडकडाट चालू असेल तर पुलावरही जायचं नाही. आपल्याकडं जूनमध्ये विजा किती जीव घेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाच्या जीवापुढं नमुन्याची काहीच किंमत नाही.

पुलाच्या खांबावर रंगानं सेंटिमीटरच्या खुणा करा. ओढा कोरडा असताना त्याचा आडवा छेद एकदा नीट मोजून कागदावर काढा. वेगासाठी वरच्या बाजूनं एक मोसंबी सोडायची आणि ठरावीक अंतराला किती सेकंद लागतात ते बघायचं. मोसंबी जवळपास सगळी बुडून तरंगते, म्हणून वाऱ्यानं ढकलली जात नाही. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात वाहतं, तेव्हा आलेला वेग ०.८५ नं गुणा. छेद गुणिले वेग, झाला प्रवाह.

गाळासाठी एक लिटर पाणी आधीच वजन केलेल्या गाळणी कागदातून गाळा, १०५ अंशांवर वाळवा, पुन्हा वजन करा. आता हे गणित मुलांना करायला लावा. लिटरला ५ ग्रॅम गाळ आहे, छेद दोन चौरस मीटर, वेग सेकंदाला एक मीटर, असं समजू. सेकंदाला दोन घनमीटर पाणी म्हणजे दहा किलो माती. तासाभरात ३६ टन. त्यात कार्बन एक टक्का धरला तर ३६० किलो. मातीत कार्बन आणि नत्राचं प्रमाण साधारण दहाला एक असतं, म्हणजे ३६ किलो नत्र, पावणेदोन गोण्या युरियाइतकं. हे नत्र सेंद्रिय रूपातलं असतं, युरियासारखं लगेच पिकाला मिळणारं नव्हे, पण जमिनीची खरी ठेव तीच. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या ओढ्याचे तुम्हीच काढायचे.

१९८३ साली ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी देशातल्या धुपीचा अंदाज काढला होता : हेक्टरी वर्षाला सुमारे १६ टन. त्यातली २९ टक्के माती समुद्राला जाते, १० टक्के धरणांत बसते आणि ६१ टक्के इकडून तिकडं हलते. मला ६१ टक्क्यांचा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. ती माती अजून आपल्या शिवारातच आहे, बांधाआड, नाल्यात, पाझर तलावात. कडवंचीसारख्या गावात माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं झाली ती माती वरच्या वर अडवण्यासाठीच.

---

नवा_वखर

चांगली चर्चा. दोन शंका.

१) जीवामृत, शेणखत टाकून एका वर्षात सेंद्रिय कार्बन ०.४ वरून ०.८ झाला, असे व्हिडिओ फिरत असतात. खरं असतं का?

२) पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं भुसकट जाळू नका म्हणतात. पण कुजवलं तरी शेवटी त्याचा कार्बन डायऑक्साइडच होतो ना? मग फरक काय?

---

करडई

१) वरचंच गणित घ्या. ३० सेंमीत १९.५ टन कार्बन असेल तर दुप्पट व्हायला हेक्टरी आणखी तेवढाच कार्बन मातीत टिकून राहायला हवा. टाकलेल्या शेणखतातला बराचसा कार्बन आपल्या उन्हात वर्षाभरात उडून जातो. एवढा साठा एका वर्षात वाढत नाही. बहुतेक वेळा आधीचा नमुना एका जागेचा आणि नंतरचा दुसऱ्या जागेचा असतो, किंवा नमुना उकिरड्याजवळचा, झाडाखालचा, नुकत्याच खत टाकलेल्या जागेचा असतो.

मोजून ठेवलेलं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. उदगीरहून बिदर-जहीराबाद मार्गे पुढं गेलं की पाटणचेरू. तिथं इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत १९७६ पासून काळ्या मातीच्या पाणलोटावर तुलना चालू होती : एका भागात रुंद वरंबा-सरी, खरिपातही पीक, ज्वारी-तूर आंतरपीक, खतं, दुसऱ्या भागात जुनी रीत, खरिपात पड आणि रब्बीला ज्वारी किंवा हरभरा. जवळपास पाव शतकानंतर सुधारित भागात १२० सेंमी खोलीपर्यंत हेक्टरी सुमारे ४७ टन सेंद्रिय कार्बन होता, जुन्या पद्धतीत सुमारे ३९.५ टन. म्हणजे वर्षाला साधारण तीनशे-सव्वातीनशे किलोंचा फरक. उत्तम व्यवस्थापनात, इतक्या वर्षांत, इतका. एका वर्षात हा फरक आपल्या ब्युरेटला दिसणारच नाही, नमुन्या-नमुन्यातली तफावत त्याहून मोठी असते. म्हणूनच सरांनी बरण्या जपून ठेवायचं म्हटलं ते मला इतकं पटलं.

एका वर्षाच्या प्रकल्पाला जोडीच्या जागा घ्या. बांधावरची कधी न नांगरलेली माती आणि लगतच्या रानातली. गायरान आणि शेजारचं सोयाबीन. तीस वर्षं शेणखत पडणारं घराजवळचं रान आणि त्याच मालकाचं लांबचं रान. काळाचा फरक जागेच्या फरकातून दिसतो. उतार, खोली, मातीचा प्रकार सारखा हवा, एवढं सांभाळा.

२) फरक मोठा आहे. जाळलं की कार्बन त्याच दुपारी गेला, सोबत बहुतेक नत्र आणि बरंचसं गंधकही. कुजताना मधे असंख्य जीव जगतात. त्यांचे मेलेले अंश चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि त्यातला थोडा भाग वर्षानुवर्षं टिकतो. मातीची घडण, पाणी धरायची ताकद त्यावरच. फक्त पऱ्हाटीत नत्र फार कमी असतं. तिचा भुगा पेरणीच्या तोंडावर गाडला तर कुजवणारे जीव मातीतलंच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. आधी कुजवून टाका किंवा उन्हाळ्यातच पसरा.

---

विहीरवाली

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, आठवी-नववीची मुलं बाल विज्ञान परिषदेसाठी काही करू इच्छितात. आमच्याकडे आम्ल-बिम्ल नाही. त्यांना या ओढ्यात काय करता येईल?

---

मांजराकाठ

ताई, भरपूर करता येईल, आणि शाळेची मुलं आली तर मला फार आवडेल.

नायलॉनच्या बारीक जाळीच्या छोट्या पिशव्या शिवायच्या. प्रत्येकीत वजन करून वाळलेला पाला : एकीत तुरीचा, एकीत कडुलिंबाचा, एकीत उसाचं पाचट. बोटभर खोल पुरायच्या, काही माळावर, काही भारी रानात, काही ओढ्याच्या ओलीत. दर महिन्याला थोड्या काढायच्या, माती झटकून वाळवून वजन करायचं. किती कुजलं हे किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही कळतं. आपण कापूस पिकवणारी माणसं, तेव्हा शुद्ध सुती कापडाच्या सारख्या पट्ट्याही पुरा. दोन महिन्यांनी काढल्या की कुठल्या रानात जिवाणू कामाला लागलेत हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. ही पट्टी शेतकऱ्याच्या हातात दिली तर आकडा सांगायची गरजच पडत नाही.

थोडी मोठी मुलं असतील तर आमच्या प्रयोगशाळेत आणा. बंद बरणीत माती आणि एका छोट्या वाटीत सोडियम हायड्रॉक्साइड ठेवायचं. मातीच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जातो, नंतर अनुमापनानं मोजता येतो. कोरड्या ठणठणीत मातीवर पाणी शिंपडलं की हा श्वास एकदम उसळी घेतो. बर्च या शास्त्रज्ञानं १९५८ साली पूर्व आफ्रिकेच्या मातीवर हे दाखवलं. आपल्याकडे उन्हाळाभर भाजलेल्या रानावर मृगाचा पाऊस पडतो तेव्हा अगदी हेच होतं. त्याच उसळीत नत्रही मोकळं होतं. पेरणी वेळेवर झाली तर ते पिकाला मिळतं, पेरणी लांबली आणि मोठा पाऊस झाला तर ते नायट्रेट होऊन झिरपतं किंवा साचलेल्या पाण्यात वायू होऊन उडतं. त्यातला नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरणारा वायू.

तुमचं नाव विहीरवाली, म्हणून हे खास तुमच्यासाठी : गावातल्या विहिरी आणि हातपंपांचा नायट्रेटचा नकाशा मुलांकडून करून घ्या. पट्ट्यांच्या किटनं प्राथमिक अंदाज येतो, शंका येईल ते पाणी आमच्याकडे आणा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्यापुढचं पाणी तान्ह्या बाळांना घातक. विहिरीपासून उकिरडा, गोठा, शौचखड्डा किती पावलांवर आहे आणि वरच्या अंगाला ऊस आहे का, हे प्रत्येक ठिकाणी लिहायचं. मर्यादेबाहेरचा आकडा आला तर तो आधी प्रयोगशाळेतून पक्का करून घ्यायचा आणि मग लगेच ग्रामपंचायतीला आणि त्या घराला कळवायचा, प्रदर्शनापर्यंत थांबायचं नाही.

---

भारी_रान

गाळाचं राहिलं. तलावातला गाळ रानात टाकावा का? 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'मध्ये आमच्याकडं ट्रॅक्टर चालू आहेत.

---

पाझर

दादा, हलक्या, मुरमाड रानात टाका, फायदा होतो. चिकणमाती वाढते, ओल धरते, सोबत सेंद्रिय कार्बन आणि स्फुरदही येतं. आपल्या चुनखडीच्या मातीत स्फुरद पाण्यात फारसं विरघळत नाही, ते कणांना चिकटूनच प्रवास करतं आणि गाळात जाऊन बसतं. मात्र जी जमीन आधीच भारी, चिबडणारी आहे तिच्यात आणखी चिकण घालू नका, निचरा बिघडतो. टाकण्याआधी गाळाची पीएच-ईसी तपासून घ्या. तुमच्या मुरूम उघड्या पडलेल्या पट्टीला मात्र बांधाआडचाच गाळ परत ओढा, तो तुमचाच आहे. आणि पहिल्या वर्षी ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिकं पेरून गाडा, सोयाबीनची घाई नको.

सरांच्या मुलांनी गाळ टाकण्याआधीचा नमुना घेऊन ठेवला तर पुढच्या दहा वर्षांचा चांगला प्रयोग होईल.

---

मांजराकाठ

घेऊच. या हंगामापुरतं ठरवलेलं लिहितो, कुणाला खोट दिसली तर सांगा.

माथा ते काठ अशी एक सरळ रेघ धरून तिच्यावरच्या रानांतून माती, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंमी, जागा जीपीएसवर नोंदवून. त्यात भारी_रान दादांची दोन्ही ठिकाणं वेगळी जोडतोय, पल्याडच्या काठाची असली तरी. पाण्यासाठी पूल एकच, गावातच राहणाऱ्या दोघी मुली आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी. गाळ गाळून झाला की उरलेल्या पाण्यात नायट्रेट त्याच दिवशी काढायचं, नाही जमलं तर बाटली फ्रिजरमध्ये. त्याच पाण्याची अल्कता (आम्ल शोषून घ्यायची क्षमता) सुद्धा काढणार आहोत, कारण बेसॉल्ट झिजताना हवेतला कार्बन बायकार्बोनेट होऊन ओढ्यात उतरतो. तो कार्बन गाळणी कागदावर सापडत नाही, पण मिथिल ऑरेंजच्या साध्या अनुमापनानं मोजता येतो.

बरण्यांसाठी विभागातलं एक लोखंडी कपाट रिकामं केलं आहे. प्रत्येक बरणीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर : गट क्रमांक, खोली, तारीख, पीक, नमुना घेणाऱ्याचं नाव. चिठ्ठी पेन्सिलनं लिहायची, शाई उडते.

करडई ताई, एक विचारायचं राहिलं : कार्बनसाठी माती अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून घ्यायची हे ठरलं, पण कपाटात ठेवायची माती दोन मिलिमीटरवर चाळून ठेवू की ढेकळांसकट?

---

करडई

दोन्ही ठेवा सर. अर्धा किलो दोन मिलिमीटरवर चाळलेली, आणि एका डब्यात थोडी ढेकळं न फोडता. पुढं कुणाला मातीच्या कणसमूहांची स्थिरता बघायची झाली तर चाळलेली माती उपयोगाची नाही. सावलीत वाळवा, ओव्हनमध्ये नको.

जूनच्या नमुन्यांना मी येते. माझी कोर कटरची, म्हणजे ठरावीक आकारमानाची माती न हलवता काढायची नळी घेऊन येईन, घनता पहिल्या दिवशीच काढून टाकू.